बदलीची बातमी आणि चार फुटी टाकी

मासे पाळणारी आमची नऊ घरं आहेत. जुळे सोलापूर, विजापूर रोड, साखर पेठ, अक्कलकोट रोड अशी शहरभर पसरलेली. कोणी बँकेत, कोणी टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर, कोणी शाळेत, एका मैत्रिणीचं औषधांचं दुकान. भेटलो की आधी घरच्या बातम्या होतात: बदली, बाळंतपण, लग्नाची तारीख, घराला रंग, आईचं ऑपरेशन, मुलाची बारावी. बाहेरच्या माणसाला त्या नुसत्या गप्पा वाटतील. पण यातली प्रत्येक बातमी टाकीपर्यंत पोचते, आणि टाकीची तयारी माणसाच्या घाईने होत नाही. पाणी शुद्ध ठेवणाऱ्या चांगल्या जिवाणूंनी फिल्टरचा स्पंज भरायला दोन-तीन आठवडे लागतात. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, उतरवायला दोन आठवडे. बातमी दोन दिवस आधी कळली तर फक्त मासे पिशवीत भरता येतात, बाकी काही नाही.

म्हणून आमच्यात एक पद्धत पडली आहे. बातमी पक्की व्हायची वाट बघायची नाही, कुणकुण लागली की सांगायची. सोबत पाच गोष्टी: तारीख, किती दिवसांसाठी, टाकीत पाणी किती, मासे कोणते आणि किती, घराची किल्ली कोणाकडे. एवढं कळलं की बाकीचे आठ जण कामं वाटून घेतात.

या मे महिन्यात बँकेतल्या मित्राची पुण्याला बदली झाली. ऑर्डर हातात यायच्या आधीच त्याने सांगितलं, म्हणून अठरा दिवस मिळाले. त्या अठरा दिवसांत काय केलं, का केलं आणि कुठे चुकलं, ते इथे लिहीत आहोत. भर उन्हाळ्यात टाकी हलवायची वेळ आपल्याकडे अनेकांवर येते, कारण बदल्या याच दिवसांत होतात.

टाकी 48 इंच लांब, 18 रुंद, 18 उंच. काच 10 मिलिमीटर. कडोकड भरली तर 255 लिटर, पण वरची मोकळी जागा, खडी आणि लाकूड वजा करता प्रत्यक्ष पाणी 210 लिटर. नुसत्या काचेचं वजन पन्नास किलोच्या वर जातं, खडी 30 किलो. मासे असे: चार एंजल, आठ कोरी, दोन पर्ल गुरामी, बारा मॉली आणि नऊ इंची एक सकर.

पहिलं काम म्हणजे काय न्यायचं नाही ते ठरवणं. सोलापुरातलं पाणी जड आहे. बोअरचं तर टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर हजाराच्या आसपास जातं. या घरात बोअर आणि नळ मिसळून वापरत होते, टाकीत 780 होतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी हलकं. मॉलीला जड पाणीच मानवतं. हलक्या पाण्यात ती अंग आखडून एका जागी थरथरत राहते, पंख मिटतात आणि हळूहळू बुरशी धरते. एंजल, गुरामी, कोरी यांना उलट हलकं पाणी आवडतं. त्यामुळे मॉली इथेच ठेवायच्या ठरल्या, त्या साखर पेठेतल्या तीन फुटी टाकीत गेल्या. सकर विजापूर रोडच्या पाच फुटी टाकीत गेला. सकर मोठा झाला, सांभाळवत नाही, म्हणून तलावात सोडून द्यावा असं अनेकांच्या मनात येतं. तसं अजिबात करू नका. हा मासा आपल्याकडच्या तलावांत सहज तगतो, काठाच्या मातीत बिळं करतो आणि कोळ्यांची जाळी फाडतो. कोणी घेत नसेल तर दुकानदाराला फुकट द्या, पण सिद्धेश्वर तलाव किंवा हिप्परगा तलाव नको.

दुसरं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्याच दिवशी केलं. टाकीत एक जादा स्पंज फिल्टर टाकला आणि एअर पंपला जोडून दिला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंज, सिरॅमिक रिंग आणि खडीवर चिकटून वाढतात. म्हणूनच जुनं पाणी कितीही नेलं तरी जिवाणू जात नाहीत, आणि स्पंज नेला तर जातात. मोठा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, प्रवासात दगावला तर हा स्पंज टाकी सांभाळेल, असा विचार होता. पुढे तसंच झालं.

तिसरं काम पाणी हलकं करत नेण्याचं. दर एक दिवसाआड 21 लिटर, म्हणजे दहावा हिस्सा, काढायचा आणि तेवढंच आरओचं पाणी घालायचं. घरच्या आरओचा टीडीएस 40 होता. प्रत्येक वेळी मीटरवर आकडा असा उतरत गेला: 780, मग 705, 640, 580, 525, 475, सहाव्या बदलानंतर 430. बारा दिवस लागले. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, 8 वरून 7.6 वर आला. हे एका दिवसात उरकलं असतं तर मासे मेलेच असते असं नाही, पण शरीरातल्या क्षारांचा तोल सावरण्यात त्यांची ताकद गेली असती, आणि नेमक्या त्या अशक्तपणात प्रवास आला असता. आरओतून वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून फरशीला आणि संडासाला वापरलं. रोज नळ न येणाऱ्या गावात ते गटारात सोडणं बरोबर नाही.

आता उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण या अठरा दिवसांतली अर्धी मेहनत तापमानावर गेली.

मे महिन्यात बाहेर 42-43 अंश, वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी 37. टाकीतलं पाणी काही न करता 33 पर्यंत चढतं. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 33 अंशांना सात-सव्वासात. तेवढ्यात माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून राहिले तर रात्रीत प्राणवायू कमी पडला असं समजा. झाडंही रात्री प्राणवायू वापरतात.

बर्फाच्या बाटल्या टाकणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. हिशोब करून बघा. एक लिटरची पूर्ण गोठलेली बाटली वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत 200 लिटर पाणी जेमतेम अर्धा ते पाऊण अंश उतरवते. तेही तासाभरासाठी. पुन्हा चढतं, पुन्हा बाटली, आणि या वरखाली होण्यानेच मासे आजारी पडतात. याउलट एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जातं तेव्हा ते तितक्याच पाण्याला जवळजवळ तीन अंश उतरवण्याइतकी उष्णता सोबत घेऊन जातं. म्हणजे पंख्याने उडवलेलं एक लिटर पाणी बर्फाच्या चार-पाच बाटल्यांचं काम करतं, आणि सारख्या वेगाने करतं. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी, म्हणून इथे हा उपाय कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. कॉम्प्युटरमध्ये असतात तसे 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे काठावर तिरपे बसवले, काचेचं झाकण काढून जाळी टाकली. पाणी 33 वरून 29.5 वर आलं आणि तिथेच टिकलं.

यात एक गोम आहे. पंख्यामुळे दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडतं, पण त्यातले क्षार टाकीतच राहतात. भरपाई बोअरच्या पाण्याने केली तर महिन्याभरात टीडीएस दीडपट होतो. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी आरओनेच करायची. आणि खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर हवा दमट करतो, मग पंख्याचा उपयोग उरत नाही.

गरम आणि जड पाण्याचा एक दुष्परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो. टेस्ट किट दाखवतं तो अमोनिया दोन रूपांत असतो. एक फारसा त्रास न देणारा, दुसरा विषारी. पीएच 7 आणि 25 अंश असताना एकूण अमोनियाचा शेकडा अर्धा भाग विषारी असतो. पीएच 8 आणि 30 अंश झालं की तोच शेकडा साडेसात होतो. म्हणजे पुस्तकातला लिटरला 0.5 मिलिग्रॅमचा आकडा पुण्यातल्या हिवाळ्यात चालून जाईल, पण सोलापूरच्या मे महिन्यात तो तेरा-चौदा पट घातक. म्हणून आम्ही उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणतो आणि 0.25 दिसलं की पाणी बदलतो, 0.5 ची वाट बघत नाही.

वीज जाण्याचंही इथेच सांगून टाकू. टॉप फिल्टर किंवा स्पंज असेल तर बॅटरीवरचा एअर पंप पुरतो. कॅनिस्टर बंद डब्यासारखा असतो. दोनेक तास पाणी फिरलं नाही तर आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरायला लागतात आणि पाणी सडतं. वीज आल्यावर तो आपोआप चालू होऊन ते सडकं पाणी टाकीत फेकतो. मोठा भारनियमनाचा दिवस असेल तर प्लग काढून ठेवा, आणि परत चालू करण्याआधी डबा उघडून आतलं पाणी ओतून द्या.

प्रवासाच्या आधी 48 तास खाणं बंद. निरोगी मोठ्या माशाला दोन दिवसांचा उपास काहीच नाही. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी घाण होत नाही. घरातल्या आजी रोज संध्याकाळी चिमूटभर टाकायच्या, त्यांना हे समजावून सांगितलं आणि डबा कपाटात ठेवला. हे लिहिण्याचं कारण, इथेच बहुतेकांचं चुकतं. घरात तीन माणसं तीन वेळा प्रेमाने खाऊ घालतात आणि कोणीच एकमेकांना सांगत नाही.

निघायचं रात्री अडीचला ठरलं, म्हणजे उन्हाच्या आत पुणं. काम साडेदहाला सुरू केलं. क्रम महत्त्वाचा आहे, तो असा. आधी दिवा बंद, लाकूड आणि दगड बाहेर. जावा फर्न आणि अॅन्युबियस ही पाणझाडं लाकडालाच बांधलेली होती, त्यांना ओल्या टॉवेलात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं. मग 20 लिटरच्या पाण्याच्या पाच जारांत स्वच्छ पाणी भरून घेतलं. ते वरच्या थरातून, खडी ढवळायच्या आधी. मग आणखी पाणी काढून एक तृतीयांशावर आणलं आणि तेव्हाच मासे पकडले. भरलेल्या टाकीत जाळी घेऊन मागे लागलं तर एंजलचे लांब पंख फाटतात, आणि कोरी खडीत घुसून सगळा गाळ वर आणतात.

पिशव्या दुकानातून प्राणवायू भरून घेतल्या. दुकान रात्री उघडं नसतं, म्हणून दुकानदाराचा छोटा सिलिंडर त्या रात्रीपुरता घरी आणला. पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू. पिशवीत पिशवी, दोन्ही उलट्या दिशेने, म्हणजे कोपऱ्यात मासा अडकत नाही आणि एक फुटली तरी दुसरी राहते. नुसती हवा भरलेल्या पिशवीत मासे चार-सहा तास काढतात. प्राणवायू असेल तर माशांची गर्दी नसताना चोवीस तासही निघतात. प्रत्येक एंजलला वेगळी पिशवी, गुरामीलाही. कोरीच्या पंखाला काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि पिशवीला भोक पाडतो. शिवाय घाबरलेली कोरी अंगातून एक द्रव सोडते, त्याने बंद पिशवीतल्या सगळ्याच कोरी दगावू शकतात. म्हणून कोरी डब्याने पकडून झाकणाच्या बादलीत ठेवल्या, वीस मिनिटांनी बादलीतलं पाणी बदललं, आणि त्या बादलीतच बॅटरीच्या एअर पंपावर पुण्याला गेल्या. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात आडव्या, मधल्या फटींत टॉवेल कोंबून. टॉवेलच्या कारखान्यातला मित्र बाजूला काढलेल्या मालाचा गठ्ठाच घेऊन आला होता. टाकी हलवताना जुने टॉवेल किती लागतात याचा अंदाज आधी कोणालाच येत नाही. तीस तरी हवेत.

खडी उपसताना वरचा इंचभर थर वेगळ्या बादलीत काढला. त्यावर जिवाणू जास्त आणि गाळ कमी. खालची खडी टाकीच्याच पाण्यात तीन वेळा हलवून घेतली. नळाखाली धरली नाही, कारण क्लोरीनने जिवाणू मरतात. खालच्या थरातून सडक्या अंड्यासारखा वास आला. तो गाळ तसाच नव्या टाकीत गेला असता तर पहिल्याच रात्री मासे गेले असते.

फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग आणि स्पंज पाण्यात बुडवून नेऊ नयेत, ओलसर न्यावेत. बंद बादलीत बुडवलेल्या रिंगभोवतीचा प्राणवायू तासा-दीड तासात संपतो. ओल्या टॉवेलात गुंडाळून झाकण सैल ठेवलं की हवा मिळत राहते. इथेच आमची चूक झाली. जादा स्पंज टॉवेलात गुंडाळला, पण गडबडीत कॅनिस्टर आतल्या पाण्यासकट नळ बंद करून तसाच टेम्पोत चढवला. पाच तासांनी पुण्यात उघडला तेव्हा वास सुटला होता. त्यातल्या रिंग धुऊन वापरल्या, पण निम्मे तरी जिवाणू गेलेच.

टाकी उचलताना आत खडी, पाणी, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. दहा किलो ओली खडी शिल्लक असली तरी उचलताना तळाची काच पिळते आणि सिलिकॉनचा जोड सुटतो. तो तेव्हा दिसत नाही, आठ दिवसांनी गळायला लागतो. चार जणांनी तळाखालून धरायची, वरच्या पट्टीला धरून कधीच नाही. दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवताना खालच्या बाजूला उंच माणसं ठेवली. छोटा हत्ती टेम्पोत आधी गादी, वर थर्मोकोल, वर टाकी, लांबी गाडीच्या लांबीत. भोवती सोलापुरी चादरी. जाड सुती चादर दोरीखाली सरकत नाही, म्हणून काच बांधायला तिच्यासारखं काही नाही.

मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा अडीचशे किलोमीटरचा रस्ता. टेंभुर्णीला आणि भिगवणला थांबून पिशव्या पाहिल्या, उघडल्या नाहीत. खोक्यातलं तापमान निघताना 28, पोचताना 28.5. जाता जाता एक गोष्ट. भिगवणजवळ रस्त्यालगत पसरलेलं पाणी उजनी धरणाचंच. सोलापुरात नळाला येतं तेच.

पुण्यात टाकी बसवताना घाई आवरली. स्टँड पाणसळीने तपासला, चार मिलिमीटरचा उतार निघाला, तो स्टँडच्या पायाखाली पातळ पट्टी देऊन काढला. टाकीखाली 12 मिलिमीटरचा थर्मोकोल. मग नुसतं अर्धं पाणी भरून जोडांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद सारला आणि अर्धा तास थांबलो. कागद कोरडा निघाला तेव्हाच खडी घातली. जुनं 100 लिटर, वर नळाचं 110 लिटर. नळाच्या पाण्याला क्लोरीनसाठी हायपो, 50 लिटरला एक ग्रॅम, विरघळवून. मीटरवर 270 आलं. टाकीतलं 430 आधी उतरवून आणलेलं असल्यामुळे ही उडी माशांना झेपली. 780 वरून आली असती तर झेपली नसती.

लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून त्यात थेंब थेंब पाणी सोडत बसायची पद्धत अनेक जण पाळतात. पाच तासांच्या बंद पिशवीसाठी ती घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशव्या पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, तापमान जुळलं की उघडून लगेच मासे हाताने टाकीत, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. कोरींची बादली उघडीच होती, तिथे मात्र अर्ध्या तासात चार वेळा पाणी मिसळत नेलं. दिवा चोवीस तास बंद, खाणं दुसऱ्या संध्याकाळी, तेही चिमटीच्या चौथ्या भागाएवढं.

पुढचे आकडे मित्र रोज कळवत होता. दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य, तिसऱ्या दिवशी 0.25, चौथ्या दिवशी 0.5. कॅनिस्टरमधले जिवाणू गेल्याचा हा परिणाम. पाव पाणी बदललं, खाणं पुन्हा दोन दिवस बंद. सहाव्या दिवशी 0.25, सातव्या दिवशी नायट्राइट 0.25. त्यासाठी 100 लिटरला 20 ग्रॅम साधं मीठ, आयोडीन नसलेलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या कल्ल्यातून आत शिरू देत नाही. अकराव्या दिवशी दोन्ही शून्य. एकही मासा गेला नाही. एका एंजलच्या वरच्या पंखाला चीर होती, ती तीन आठवड्यांत भरून आली.

याच महिन्यात बाकीच्या घरांतूनही बातम्या येत होत्या, त्यांचं थोडक्यात.

अक्कलकोट रोडच्या मित्राकडे बाळ येणार आहे. पहिले चार महिने टाकीला हात लावायला वेळ मिळणार नाही हे धरून आत्ताच मासे निम्मे केले, खाणं एक वेळचं, दिवा टायमरवर सहा तास. नवा मासा आणायचा नाही, कारण नवा मासा म्हणजे नवा आजार. सायफन आणि जाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा बाळाच्या बादलीत धुवायची नाही.

एका मैत्रिणीच्या वडिलांची केमोथेरपी चालू झाली. टाकीच्या पाण्यात एक जिवाणू असतो, जखमेतून शिरला तर हातावर गाठी येतात आणि महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला तो जास्त त्रास देतो. वडिलांना मासे बघत बसायला फार आवडतं. खुर्ची टाकीसमोर आहे तशीच ठेवली आहे, पण पाण्यात हात घालायचं काम आम्ही आळीपाळीने रविवारी करतो, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून.

लग्नाआधी घराला रंग लावणाऱ्याने एअर पंप लांब नळीने दुसऱ्या खोलीत ठेवावा. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे रंगाचा वासही पाण्यात जातो. झुरळांसाठी फवारणी असेल तर टाकी पूर्ण झाकून पंप बंद, आणि खोलीतली हवा मोकळी होईपर्यंत झाकण काढायचं नाही. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशाला अगदी थोडीही पुरतात. तेवढ्या वेळापुरते मासे बादलीत भरून शेजारी ठेवणं हे सगळ्यात सुरक्षित.

गावाला जाणाऱ्यांनी शेजाऱ्याकडे खाण्याचा डबा देऊ नये. औषधाच्या पुड्या बांधतात तशा एका दिवसाची एक पुडी, वर तारीख घालून. सात दिवसांपर्यंत जाणार असाल तर पुड्याही नकोत, मोठे मासे उपाशी नीट राहतात. औषधाच्या दुकानातली मैत्रीण पुड्या बांधून देते.

पुण्यातली टाकी तीन आठवडे नीट चालल्यावर कॅनिस्टर पुन्हा भरात आला आणि जादा स्पंजची तिथे गरज उरली नाही. मित्र सुट्टीला आला तेव्हा तो स्पंज ओल्या टॉवेलात गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यात, हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांत सोलापूरला घेऊन आला. शाळेतल्या मित्राच्या मुलीचा बारावीचा निकाल चांगला लागला आणि तिने दोन फुटी टाकी मागितली होती. स्पंज त्याच रात्री तिच्या टाकीत बसवला. एरवी रिकामी टाकी महिनाभर चालवून थांबावं लागलं असतं, तिला चौथ्या दिवशी साखर पेठेतल्या चार मॉली सोडता आल्या.